ग्रीक कोठी : निम्मी तर तुमच्या घरातच आहे

परदेशी पदार्थ म्हटले की महागड्या बाटल्या आणि डबे आलेच, असं आपण धरून चालतो. ग्रीक स्वयंपाकाला मात्र हे लागू नाही. काय विकत घ्यायचं आणि काय मुळीच घ्यायचं नाही, एवढं कळलं की काम सोपं होतं.

ग्रीक पदार्थ घरी करून पाहायची हौस मला आली, तेव्हा मी आधी यादी केली आणि मोठ्या दुकानात गेले. काळ्या ऑलिव्हचे चार डबे, ओरेगॅनोच्या दोन बाटल्या, चीजचे डबे आणि स्वस्तात मिळाला म्हणून ऑलिव्ह तेलाचा पाच लिटरचा डबा, असं बरंच काही घेऊन आले. डबा शेगडीशेजारीच ठेवला. चार-पाच महिन्यांनी तेलाला खवट वास येऊ लागला. ऑलिव्ह उरलेच होते. यजमान काही बोलले नाहीत, पण त्या महिन्याचा हिशेब लिहिताना माझाच हात अडखळला.

नंतर थोडं वाचलं, थोडं करून पाहिलं, तेव्हा चूक कळली. मी हॉटेलातल्या ग्रीक पदार्थांची खरेदी केली होती. ग्रीक घराची कोठी वेगळीच असते.

उपवासांनी घडवलेली कोठी

ग्रीसमध्ये बहुसंख्य लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहेत. या पंथात ईस्टरपूर्वीचा मोठा उपवास, नाताळपूर्वीचे चाळीस दिवस, ऑगस्टचा पहिला पंधरवडा आणि वर्षभरातले बहुतेक बुधवार-शुक्रवार असे उपवास सांगितले आहेत. सगळे पाळले तर जवळजवळ निम्मं वर्ष मांस, अंडी आणि दूधदुभतं वर्ज्य. आपल्या उपवासाला डाळी चालत नाहीत. त्यांचा उपवास तर डाळी-कडधान्यांवरच निभतो! शिवाय डोंगराळ जमीन आणि गरिबी. त्यामुळे ग्रीक बाईची कोठी भरली ती कडधान्यं, ऑलिव्ह तेल, वाळवलेल्या वनस्पती, तीळ आणि मध यांनी.

या कोठीचं मोल त्या लोकांनी फार कठीण काळात जोखलं आहे. 1941-42च्या हिवाळ्यात, देश जर्मनी आणि तिच्या मित्रराष्ट्रांच्या ताब्यात असताना, अथेन्समध्ये हजारो माणसं भुकेने मेली. ज्याच्या घरी थोडं तेल आणि मूठभर कडधान्य होतं, तो श्रीमंत.

आपल्या वाळवणासारखं वाळवणही तिथे होतं. उन्हाळ्यात गहू किंवा पीठ आंबट दुधात शिजवतात, उन्हात वाळवतात आणि हिवाळ्यात त्याचं सूप करतात. त्याला ‘त्राहाना’ म्हणतात. कुरडयांसाठी चीक शिजवणाऱ्या बाईला ही कल्पना काही परकी वाटणार नाही.

हे घरातच आहे

आता आपले डबे उघडून पाहू या.

अख्खा मसूर : याचं ‘फाकेस’ नावाचं पातळ कालवण ग्रीक घरांत नेहमी होतं.

काबुली चणे : सिफनोस बेटावर शनिवारी रात्री मातीच्या भांड्यात चणे, कांदा आणि तेल घालून ते लाकडाच्या भट्टीत ठेवतात आणि रविवारी खातात. आपण कुकरमध्ये मऊ शिजवून मंद आचेवर मुरू द्यावेत.

वाटाण्याची पिवळी डाळ : ती घोटून वर तेल, लिंबू आणि कच्चा कांदा घातला की ‘फावा’ तयार. सांतोरिनी बेटावर त्यासाठी वेगळी डाळ वापरतात. ती आपल्या लाखेच्या डाळीच्या कुळातली असते. पण म्हणून लाखेची डाळ वापरू नका, वाटाण्याचीच घ्या.

डबल बी : तिथल्या घेवड्याच्या मोठ्या पांढऱ्या दाण्यांऐवजी, म्हणजे ‘गिगांतेस’ऐवजी, टोमॅटोच्या रश्श्यात या छान लागतात.

दही : फडक्यात बांधून टांगलं की चक्का होतो. श्रीखंडाचा हाच चक्का ग्रीक ‘त्झात्झिकी’चा पाया आहे.

शेपू : घरातली मुलं नाक मुरडतात, ती ही भाजी ग्रीसमध्ये मानाची आहे. पालक-भातात, काकडीच्या दह्यात, द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्यांत, सगळीकडे शेपू असतो.

याशिवाय रवा, पांढरे तीळ, अक्रोड, मध, लिंबू, लसूण, पुदिना, दालचिनी आणि लवंग. दालचिनी ते लोक टोमॅटोच्या तिखटमिठाच्या रश्श्यातही घालतात.

हे विकत घ्यावं लागेल

ऑलिव्ह तेल : खर्च करायचाच तर इथे करा. बाटलीवर ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ लिहिलेलं हवं. ‘पोमेस’ लिहिलेलं तेल फळांच्या उरलेल्या चोथ्यातून काढून शुद्ध केलेलं असतं. ते स्वस्त असतं, पण त्यात फळाची चव नसते. गडद काचेची अर्ध्या लिटरची बाटली घ्या.

ओरेगॅनो : शुद्ध वाळलेली पानं घ्या. पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुडीत बरेचदा मीठ, मिरची आणि इतर मसालेही असतात. घटकांची यादी वाचा. वापरताना पानं तळहातावर चुरडा, सुगंध लगेच येतो. हा वास ओव्याच्या जवळचा आहे, हे तुमच्या ध्यानात येईलच.

ऑलिव्ह : डब्यातल्या गोल चकत्या केलेली गुळगुळीत काळी ऑलिव्ह बरेचदा प्रक्रिया करून काळी केलेली असतात. ‘कालामाता’ जातीची जांभळट, टोकदार फळं थोडी महाग पडतात, पण सॅलडला सात-आठ पुरतात.

फेटा चीज : खरा फेटा मेंढीच्या दुधाचा असतो, त्यात शेळीचं दूध 30 टक्क्यांपर्यंत चालतं. तो मिठाच्या पाण्यात मुरवलेला असतो. 2002 मध्ये युरोपीय संघाने हे नाव ग्रीसपुरतं राखून ठेवलं आणि 2005 मध्ये युरोपच्या न्यायालयाने ते कायम केलं. शाकाहारी घरांनी पाकिटावरची हिरवी खूण जरूर पाहावी, कारण चीजसाठी वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं विरजण वापरलेलं असू शकतं. पनीर मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवून वापरता येतं. त्याला खारटपणा येतो, फेट्याचा आंबटपणा मात्र येत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्या तमालपत्रावर तीन लांब शिरा असतात, ग्रीक ‘दाफ्नी’च्या पानावर मधोमध एकच. दोन्हींचा वास वेगळा आहे. दाफ्नी मिळालं नाही तर पान न घालताही चालतं.

जपून कसं ठेवावं?

ऑलिव्ह तेलाला उष्णता, उजेड आणि हवा या तिन्हींचं वावडं आहे. बाटली शेगडीपासून दूर, बंद कपाटात ठेवा आणि उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवा. फेटा त्याच्याच मिठाच्या पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा. कडधान्यं जुनी झाली की शिजत नाहीत, म्हणून दोन-तीन महिन्यांपुरतीच भरा.

सुरुवात इथून करा

फाकेस : पाव किलो अख्ख्या मसुराला एक उकळी आणून ते पाणी ओता. नवीन पाणी, चिरलेला कांदा, अख्ख्या लसूण पाकळ्या, एक टोमॅटो आणि पाव वाटी ऑलिव्ह तेल घालून शिजवा. मीठ घाला आणि उतरवल्यावर चमचाभर व्हिनेगर. फोडणी नको.

त्झात्झिकी : काकडी किसून मीठ लावा आणि घट्ट पिळा. वाटीभर चक्का, ठेचलेला लसूण, शेपू, थोडं तेल आणि व्हिनेगर मिसळा.

शेवटी गोड. ग्रीक बायका उपवासाला रव्याचा ‘हलवास’ करतात. नाव आपल्या हलव्याचंच भावंडं. प्रमाण तोंडपाठ असतं : एक, दोन, तीन, चार. म्हणजे एक भाग तेल, दोन भाग रवा, तीन भाग साखर, चार भाग पाणी. साखर-पाणी दालचिनीचा तुकडा घालून उकळायचं, रवा तेलात तांबूस भाजायचा आणि पाक जपून ओतायचा, कारण तो उडतो. घट्ट झाला की साच्यात दाबून थंड करायचा.

मी तो पहिल्यांदा केला तेव्हा सासूबाईंनी एक घास घेतला, विचारात पडल्या आणि म्हणाल्या, “अगं, हा तर शिराच. तूप विसरलीस का?”

मी विसरले नव्हते. पण त्या क्षणी मला खात्री पटली की ग्रीक कोठीसाठी दुकानात जाण्याआधी आपल्याच घरातले डबे उघडावेत.