परसबागेतील कोबी आणि मोहरीचा सापळा

परसबाग हा कुटुंबाच्या पोषणाचा सुलभ व स्वस्त स्रोत होय. तथापि, कोबीसारखी भाजी घरी पिकविताना किडीचा प्रश्न लवकरच उभा राहतो. कोबीची सर्वांत उपद्रवी कीड म्हणजे चौकोनी ठिपक्यांचा पतंग. त्याच्या लहान हिरव्या अळ्या पानांचा हिरवा भाग कुरतडून केवळ पातळ पापुद्रा शिल्लक ठेवतात. ही कीड औषधांना लवकर दाद देईनाशी होते. डीडीटीला न जुमानणारी अशी तिची नोंद जावा बेटावर १९५३ मध्येच झाली होती. शिवाय कोबी अनेक घरांत कच्चाही खाल्ला जातो. त्यामुळे फवारणीवर विसंबण्याऐवजी सोबतीच्या पिकाचा उपाय अधिक श्रेयस्कर ठरतो.

सापळा पिकाचे तत्त्व

बंगळुरूनजीकच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने यासाठी मोहरीची शिफारस केली. कोबी व मोहरी एकाच कुळातील आहेत; परंतु अंडी घालण्यासाठी हा पतंग मोहरीला अधिक पसंती देतो. मावाही मोहरीकडे ओढला जातो. शेतासाठीच्या शिफारशीनुसार कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी घेतात. पहिली ओळ कोबीच्या लावणीपूर्वी १५ दिवस व दुसरी लावणीनंतर २५ दिवसांनी पेरतात. पहिली मोहरी जून होत असताना दुसरी कोवळी ओळ तिची जागा घेते.

परसबागेतील नियोजन

कोबीची रोपे सुमारे चार ते पाच आठवड्यांत लावणीयोग्य होतात. म्हणून गादीवाफ्यावर बी टाकल्यानंतर दोन ते तीन आठवड्यांनी कोबीच्या नियोजित वाफ्याच्या एका कडेला मोहरी पेरावी. दुसरी कड पुढील पेरणीसाठी मोकळी ठेवावी. कोबीच्या दोन रोपांत सुमारे ४५ सेंटिमीटर अंतर असावे. वाफ्याच्या टोकाला थोडी कोथिंबीर फुलू द्यावी. तिच्या फुलांतील मधुरसावर अळ्यांचा नाश करणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्या पोसल्या जातात.

मोहरीची निगा

मोहरी पेरून निश्चिंत राहणे मात्र घातक ठरते. दुर्लक्षित मोहरीवर अळ्या वाढून त्यांचे पतंग कोबीवरच येतात. म्हणजे सापळाच किडीचे माहेरघर बनतो. पूर्वीच्या शिफारशीत मोहरीवर डायक्लोरव्हॉस फवारण्यास सांगितले जाई. या औषधावर भारतात २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. घरच्या मोजक्या रोपांना त्याची गरजही नाही. आठवड्यातून दोनदा पानांची खालची बाजू तपासावी, अळ्या व पांढुरके कोष वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. फार किडलेले रोप उपटून नष्ट करावे. प्रादुर्भाव वाढल्यास ५ टक्के निंबोळी अर्क सायंकाळी फवारावा. त्यासाठी ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, एकूण एक लिटर द्रावण करावे.

हा उपाय मूठभर बियाण्यात साधतो. त्याचे यश मात्र वेळेवर पेरणी आणि नियमित पाहणी या दोन गोष्टींवरच अवलंबून आहे.