सहा डेसिबलचा हिशेब

भोसरीतल्या एखाद्या शेडमध्ये पॉवर प्रेसचा ठोका चालू असतो आणि शेडमागच्या उंबरावर तांबट बसलेला असतो. टुक, टुक, टुक. मिनिटाला शंभराच्या वर, दम न खाता. तांब्याच्या भांड्यावर हातोडी चालवणाऱ्या कारागिरावरून मराठीने या पक्ष्याला नाव दिलं. आता त्या हातोडीचाच यांत्रिक वंशज त्याच्याशी तिन्ही पाळ्यांत स्पर्धा करतो. पिंपरी-चिंचवडपासून मोशी, चाकणपर्यंतच्या पट्ट्यात पक्ष्यांचे आवाज टिपताना काय अडचण येते, ते या एका जोडीत येऊन जातं. मग पिशवीत यंत्र कोणतं असावं? दुकानातलं ठरलेलं उत्तर असं, की जमेल तितका महाग, कमीत कमी खरखरीचा, लांब नळीचा शॉटगन माइक घ्या. हलकं सामान म्हणजे तडजोड. या पट्ट्यापुरतं तरी हे उत्तर मला उलटं वाटतं. इथे हलकंच सामान योग्य आहे, आणि हे मी पाठदुखीच्या किंवा खिशाच्या सोयीसाठी म्हणत नाही.

सुरुवात एका आकड्यापासून करू. मोकळ्या जागेत आवाजाच्या उगमापासूनचं अंतर निम्मं केलं की त्याची पातळी ६ डेसिबलने वाढते. चाळीस मीटरवरून वीसवर आलात, सहा मिळाले. वीसवरून दहावर, आणखी सहा. दहावरून पाचवर, एकूण अठरा. पलीकडच्या रस्त्यावरचे ट्रक मात्र होते तितकेच दूर राहतात, त्यामुळे हा फायदा निव्वळ पक्ष्याच्या खात्यात जमा होतो. आता माइककडे पाहू. चहूबाजूंनी सारखा येणारा गोंगाट हायपरकार्डिऑइड जातीचा दिशादर्शी माइक साध्या सर्वदिश माइकपेक्षा किती कमी घेतो? गणित सांगतं, ६ डेसिबल. म्हणजे त्या माइकसाठी मोजलेले हजारो रुपये आणि दहा पावलं पुढे जाणं, दोन्हींची किंमत जवळपास एकच. शॉटगनची लांब नळी याहून थोडं जास्त देते हे खरं, पण उंच स्वरांत. खालच्या स्वरांत, म्हणजे डिझेल इंजिनाच्या घरघरीत, नळीचा उपयोग फारसा उरत नाही. आणि इथला शत्रू तर तोच आहे.

खरखरीचा, म्हणजे माइकच्या सेल्फ नॉईजचा, मुद्दा उरतो. सेनहायझरचा एमकेई ६०० हा १२८ ग्रॅमचा माइक घ्या. त्याची स्वतःची खरखर १५ डेसिबलच्या आसपास आहे. हातात मावणाऱ्या रेकॉर्डरमध्ये बसवलेल्या माइकची पंचविसाच्या घरात धरा. भीमाशंकरच्या रानात, वारा पडलेल्या पहाटे, हा फरक कानाला बोचतो. इथे काय होतं? ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत औद्योगिक भागाची मर्यादा दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबल आहे, निवासी भागाची दिवसा ५५ आणि रात्री ४५. नियम काटेकोर पाळले गेले आणि माळावर निवासी भागातली रात्रीची शांतता आहे असं उदारपणे मानलं, तरी ४५ डेसिबलच्या गोंगाटात २५ डेसिबलची खरखर मिसळली तर एकूण पातळी जेमतेम ०.०४ डेसिबलने वाढते. डेसिबलची बेरीज अंकगणितासारखी होत नाही. मोठा आवाज लहानाला गिळून टाकतो. ०.०४ डेसिबल वाचवण्यासाठी पैसे मोजायचे आणि सहा डेसिबल पायाशी पडलेले सोडायचे, यात शहाणपण कुठलं?

यावर जाणकार एक आक्षेप घेईल आणि तो रास्त आहे. एकूण पातळीची बेरीज फसवी असते. ट्रकची घरघर खालच्या स्वरांत साठलेली असते, माइकची सुसू वरच्या. राखी वटवट्याचा किंवा शिंप्याचा बारीक, चढा आवाज तीन-चार हजार हर्ट्झच्या वर वाजतो. तिथे ट्रक नसतो, पण माइकची सुसू असते. हे मान्यच करायला हवं. मात्र त्यावरचा उपायसुद्धा हलकाच आहे. प्रिमो कंपनीच्या ईएम २७२ या कॅप्सूलची खरखर १४ डेसिबल आहे, म्हणजे एमकेई ६००च्या तोडीची, आणि हा माइक शर्टाच्या बटणाएवढा. असे दोन माइक आणि त्यांना प्लग-इन पॉवर, म्हणजे तारेतूनच लागणारी वीज, देणारा ९२ ग्रॅमचा झूम एच१ एसेन्शियल रेकॉर्डर, एवढा संच जेवणाच्या डब्याशेजारी पिशवीत सहज बसतो. एकेकाळी नाग्रा टेप रेकॉर्डर सहा-सात किलोंचा असे आणि तो खांद्याला अडकवून लोक रानात जात. त्या काळी वजन ही गुणवत्तेची किंमत होती. आज ती सवय तेवढी उरली आहे.

पॅराबोला, म्हणजे आवाज गोळा करणारी तबकडी, या पट्ट्यात तत्त्वतः फार कामाची. तबकडीच्या व्यासापेक्षा लांब लहरी तिला पकडता येत नाहीत. अर्ध्या मीटरच्या तबकडीसाठी ही सीमा सुमारे सातशे हर्ट्झ येते. त्याखालची इंजिनाची घरघर ती वाढवत नाही आणि दयाळाची शीळ मात्र उचलून धरते. भारद्वाजाचा घुमणारा ऊप-ऊप या सीमेच्या खालीच राहतो, त्यासाठी ती निरुपयोगी. तांबट एक हजार हर्ट्झच्या आगेमागे, म्हणून कसाबसा आत. पण दुचाकीवर किंवा पीएमपी बसच्या गर्दीत तबकडी नेणं हा व्याप. शिवाय देहूरोडची छावणी आणि कंपन्यांच्या कुंपणभिंती यांच्यामधून ती रोखून धरत फिरणाऱ्या माणसाला सुरक्षारक्षक पक्षीनिरीक्षक समजतील ही अपेक्षा भाबडी आहे. खिशातल्या रेकॉर्डरची कुणी चौकशी करत नाही. ही गोष्ट कुठल्याही तांत्रिक तक्त्यात सापडणार नाही, पण यंत्र निवडताना ती मोजावीच लागते.

जवळ जा म्हणणं सोपं, पण जवळ गेलं की पक्षी उडतो. माळावर टिटवी जमिनीवरच अंडी घालते, चंडोलाचं घरटंही गवताच्या बुडाशी. सहा डेसिबलसाठी विणीच्या दिवसांत तिथे पाय टाकणं हा अपराधच. हलक्या यंत्राचा खरा फायदा इथे आहे. माणसाने जवळ जायची गरज नसते, यंत्र गेलं तरी भागतं. पक्ष्याची ठरलेली बसायची जागा आदल्या दिवशी लांबून हेरून ठेवावी. पहाटे अंधारात बाभळीच्या फांदीला रेकॉर्डर बांधावा, बटण दाबून शंभर मीटर मागे यावं. बत्तीस बिट फ्लोटमध्ये मुद्रण होत असेल तर पातळी लावण्याची चिंताही नसते. चाळीस हजारांचं यंत्र असं सोडून यायला जीव धजत नाही. काही हजारांचं धजतो. चोरीची भीती खरी आहे, भंगारवाल्याच्या नजरेतून काही सुटत नाही, पण तो धोका परवडतो. डोंबारी चंडोल मात्र या युक्तीला दाद देत नाही. तो हवेत चढतो, पंख मिटून शीळ घालत खाली कोसळतो, पुन्हा चढतो. त्याच्यासाठी माइक हातातच लागतो आणि मान दुखतेच.

पक्ष्याच्या आवाजाचं सगळ्यांत जुनं ज्ञात मुद्रण १८८९ सालचं आहे. लुडविग कॉख या आठेक वर्षांच्या जर्मन मुलाने ते एडिसनच्या यंत्रावर, मेणाच्या नळकांड्यावर केलं. पक्षी होता श्यामा, आपल्या सह्याद्रीतही गाणारा, पण तिथे पिंजऱ्यातला. आजच्या मापाने ते यंत्र अगदीच ओबडधोबड. तरी त्यावर पक्षी उमटला, कारण पिंजरा हाताच्या अंतरावर होता. पिंजऱ्याचं समर्थन अर्थातच नाही, अंतराचं आहे.

मग फोन का नको? कॉर्नेलचं मर्लिन ॲप आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवतं. ओळखीपुरता फोन पुरे, आणि त्याच्याइतकं हलकं काहीच नाही, कारण तो तसाही खिशात असतो. अडचण अशी की फोन माणसाच्या बोलण्यासाठी घडवलेला आहे. साधं रेकॉर्डिंग ॲप आवाजाची पातळी परस्पर वर-खाली करतं, सलग चालणारा आवाज गोंगाट समजून दाबतं. तांबटाचा ठोका म्हणजे सलगच. डब्ल्यूएव्ही स्वरूपात, कुठलीही प्रक्रिया न करता मुद्रण करणारं ॲप घेतलं तर निम्मी तक्रार मिटते. फांदीला बांधून मागे येण्याची सोय मात्र फोनमध्ये नाही. फोन कुणी असा सोडून येईल का?

पैसे खर्च करायचेच असतील तर ते फरच्या आवरणावर करावेत. माळरानावरचे पक्षी पावसाळ्याच्या तोंडाशी आणि पावसाळ्यात सर्वांत जास्त गातात: चंडोल, वटवटे, सुगरण. नैर्ऋत्येचा वाराही तेव्हाच सुटतो. स्पंजची टोपी या वाऱ्यापुढे टिकत नाही. केसाळ फरचं आवरण नसेल तर माइक चौदा डेसिबलचा असो की चाळीसचा, फाइलमध्ये फडफडच भरते. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात, मुद्रण संपल्यावर माइक त्यांच्याबरोबर बंद करावेत. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात नाही.

संगणकावर गोंगाट पुसता येतो, असंही सांगितलं जातं. खालची पट्टी फिल्टरने कापता येते हे खरं. पण गोंगाट आणि पक्षी एकाच पट्टीत असतील तर पुसताना पक्षीही पुसला जातो, आणि कॉम्प्रेसरमधून सुटणाऱ्या हवेचा फुत्कार नेमका वटवट्याच्या पट्टीतच शिरतो. शिवाय तो गोंगाट पुसावाच का? हान्स स्लाबेकोर्न आणि मार्गरीट पीट यांनी २००३ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की नेदरलँड्समधल्या लायडन शहरात गोंगाटाच्या जागी राहणारे ग्रेट टिट त्यांच्या शांत जागेतल्या भाऊबंदांपेक्षा गाण्याचे खालचे स्वर वर चढवतात. मोशीचा दयाळ असं करतो का, या प्रश्नाचं उत्तर भीमाशंकरच्या स्वच्छ मुद्रणात मिळणार नाही. ते इथल्या गढूळ फाइलींतच शोधावं लागेल, ट्रक, प्रेस आणि बससकट. इथे कशाला, रानात जा, असं म्हणणाऱ्यांना माझं एवढंच उत्तर आहे.

वेळ मात्र निवडता येते. पहाटेचं गाणं रंगात येतं त्याच सुमारास पहिल्या पाळीच्या कंपनी बसेस थांब्याथांब्यावर इंजिन चालू ठेवून उभ्या राहतात. चालक इंजिन बंद करत नाही आणि डिझेलचा वास हवेत लोंबकळत राहतो. या भागातल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे रविवारपेक्षा गुरुवारची पहाट बरी. पण वीजदुरुस्तीचा दिवसही बहुधा गुरुवारच, आणि वीज गेली की सोसायट्यांचे जनरेटर सुरू होतात. म्हणून उजाडण्याच्या आधी बटण दाबलेलं असावं. अशा फाइलचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचा आलेख, उघडला की तळाशी बसचा जाड, काळा पट्टा दिसतो. ती निघाली तिथे तो पातळ होत जातो, आणि त्याच्या वर, बस यायच्या आधीपासून गेल्यानंतरपर्यंत, एका ओळीत सारख्या अंतरावर तांबटाची टिंबं उमटलेली असतात.