मुंबईची रात्र आणि परगांवचें कुटुंब

मलकापूर, नांदुरा किंवा शेगांव येथें रात्रीं गाडींत बसावें आणि सकाळीं मुंबईस उतरावें, हा आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील माणसांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ आहे. जाण्याचीं कारणें ठराविक असतात. लग्नकार्य, मुलाची नोकरी, कचेरींतील काम, आणि दुर्दैवानें पुष्कळ घरांच्या वांट्यास येणारें कारण म्हणजे परळच्या टाटा रुग्णालयांतील उपचार. दिवस त्या त्या कामांत जातो. परंतु दिवे लागल्यावर काय करावें, हें परगांवच्या माणसास कोणी सांगत नाहीं. मग नातलगांच्या दोन खोल्यांत किंवा धर्मशाळेच्या जिन्यावर तीं माणसें अवघडून बसतात, आणि घरीं परतल्यावर ‘मुंबई पाहिली काय?’ या प्रश्नास ‘गर्दी पाहिली’ एवढेंच उत्तर देतात. अशा कुटुंबांसाठीं आम्ही या चार गोष्टी लिहीत आहों.

प्रथम एका शंकेचें निरसन केलें पाहिजे. रात्रीं करमणुकीस जाणें सोंवळ्या घरास शोभत नाहीं, असें कित्येक वडील माणसें अजून म्हणतात. त्यांस आम्ही विचारतों, कीर्तन, गोंधळ, भजन, लळित हीं आपण कोणत्या प्रहरीं ऐकत आलों? मृच्छकटिकांतील चारुदत्त हा ब्राह्मण गृहस्थ तिसऱ्या अंकांत रेभिलाचें गाणें ऐकून मध्यरात्र उलटल्यावर घरीं येतो, आणि मित्र झोपेनें पेंगत असतांही त्या गाण्याची वाखाणणी करीत राहतो. त्याच रात्रीं शर्विलक भिंत फोडून वसंतसेनेचे दागिने पळवितो, हें खरें. पण त्यावरून गाणें ऐकूं नये असें ठरत नाहीं, दागिने नीट ठेवावे इतकेंच ठरतें.

मुंबईच्या रात्रीस इतिहासही मोठा आहे. नाना शंकरशेट यांच्या उदार साहाय्यानें १८४६ सालीं ग्रँट रोडवर नाटकगृह उभें राहिलें, आणि १८५३ सालीं सांगलीकर विष्णुदास भावे यांनीं आपल्या मंडळीसह मुंबईस येऊन तेथें खेळ केले. १८९६ च्या ७ जुलै रोजीं वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें लोकांनीं प्रथम पाहिलीं. १९१३ च्या ३ मे रोजीं गिरगांवच्या कॉरोनेशन चित्रगृहांत दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, आणि १९३१ च्या मार्चमध्यें त्याच गिरगांवांत मॅजेस्टिकच्या पडद्यावर ‘आलम आरा’ बोलूं लागला. मध्यंतरीं १९२१ च्या ८ जुलै रोजीं बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी नटश्रेष्ठांनीं टिळक स्वराज्य फंडासाठीं संयुक्त ‘मानापमान’ केलें. करमणूक आणि लोककार्य हीं एकाच तिकिटांत मावतात, याचा हा पुरावा होय.

परंतु मुंबईची रात्र केवळ पांढरपेशांची नव्हती. लालबाग-परळच्या गिरणगांवांत पाळी सुटल्यावर कामगारांचीं भजनें, तमाशे व दशावतार रंगत. १९८२ च्या संपानंतर एकामागून एक गिरण्या मोडल्या, आणि त्यांच्या आवारांत उंची भोजनगृहें व मद्यगृहें आलीं. ज्या जागेंत रात्रपाळीचा भोंगा होत असे तेथें आज रात्रीं वाद्यांचा गजर होतो. भोंग्यावर धांवणाऱ्यांच्या नातवंडांस मात्र तेथील एका जेवणाचा खर्च परवडेलच असें नाहीं. २०१७ च्या २९ डिसेंबर रोजीं मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारांत गच्चीवरील उपाहारगृहास आग लागून १४ माणसें प्राणांस मुकलीं. म्हणून कोणत्याही बंद जागेंत, मग तें नाटकगृह असो कीं भोजनगृह, बाहेर पडण्याचीं दारें आधीं पाहून ठेवावीं. पदार्थांची यादी मागाहून पाहावी.

आतां प्रत्यक्ष काय पाहावें? मराठी कुटुंबानें पहिली रात्र नाटकास द्यावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. दादरचें शिवाजी मंदिर १९६५ पासून नाटकवेड्यांचें तीर्थ आहे. शिवाय माटुंग्याचें यशवंत, प्रभादेवीचें रवींद्र, पार्ल्याचें दीनानाथ आणि ठाण्याचें गडकरी रंगायतन हीं आहेतच. यांपैकीं एखादें दुरुस्तीसाठीं बंद असण्याचा संभव असतो, म्हणून निघण्यापूर्वीं वर्तमानपत्रांतील नाटकांच्या जाहिराती पाहाव्या. पूर्वीं संगीत नाटक पहाटेपर्यंत चाले. आतां रात्रीं आठ-साडेआठास सुरू झालेला प्रयोग बहुधा अकराच्या सुमारास आटोपतो. जुहूचें पृथ्वी थिएटर लहान असलें तरी प्रयोगांच्या निवडीविषयीं त्याची ख्याति आहे. मात्र तेथें खेळ सुरू झाल्यावर आलेल्यास आंत घेत नाहींत, हें ध्यानांत ठेवावें. वास्तूच पाहण्याची हौस असेल तर गिरगांवचें रॉयल ऑपेरा हाऊस पाहावें. १९११ सालीं पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्तें उद्घाटन झालेलें हें नाट्यगृह १९९३ सालीं बंद पडलें, आणि जीर्णोद्धार होऊन २०१६ सालीं पुनः उघडलें.

ज्यांस तिकिटाचा खर्च नको, त्यांनीं सूर्यास्तानंतर मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसावें. वांकडी दीपमाळ, समोर काळा समुद्र आणि तोंडावर वारा. यास दाम पडत नाहीं, आणि शेजारीं कारखानदार बसला आहे कीं पाटीवाला, हें कोणी विचारीत नाहीं. तेथून चालत गिरगांवच्या चौपाटीवर भेळ खावी. भाद्रपदांत गेल्यास गणपतींची आरास पाहावी. गिरगांवांतील केशवजी नाईक चाळींत १८९३ पासून सार्वजनिक उत्सव होत आला आहे.

२०२० च्या जानेवारींत वस्तीपासून अलग असलेल्या ठिकाणीं दुकानें व उपाहारगृहें रात्रभर उघडीं ठेवण्यास राज्य सरकारनें मुभा दिली. परंतु मुंबई झोंपत नाहीं या बोलण्यावर विसंबून राहूं नये. रात्रीं सुमारें एकपासून पहाटे चारपर्यंत लोकल गाड्या विसांवा घेतात, आणि तेवढ्या वेळांत परगांवच्या माणसास टॅक्सीवांचून गति नसते. उतरण्याच्या ठिकाणाजवळचेंच नाटकगृह निवडावें, पत्ता प्रत्येकाच्या खिशांत कागदावर लिहिलेला असावा. परतीच्या दिवशीं रात्रीचा खेळ धरूं नये. आपल्याकडे येणाऱ्या विदर्भ व अमरावती या गाड्या सायंकाळींच सुटतात. त्या दिवशीं दुपारचा प्रयोगही घाईचाच होतो.

शेवटीं सर्वांत नाजूक प्रश्न. घरचें माणूस परळास रुग्णालयांत आहे, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेंत किंवा दुसरीकडे कुटुंब उतरलें आहे, आणि उपचार महिनोन्‌महिने चालणार आहे. अशा वेळीं बायकोनें किंवा मुलानें नाटक पाहावें काय? लोक काय म्हणतील या भयानें शेकडों माणसें त्या संध्याकाळीं भिंतीकडे पाहत काढतात, आणि रोग्यापूर्वीं तींच खचतात. नाट्यशास्त्रांत भरतमुनींनीं नाट्याचें प्रयोजन सांगतांना धनवंतांचें किंवा रिकामटेकड्यांचेंच नांव घेतलें नाहीं. दुःखानें, श्रमानें आणि शोकानें पीडिलेल्यांस तें विश्रांति देणारें होईल, असा त्यांचा आशय आहे. शुश्रूषा करणारा या तिन्हींत बसतो. एकानें रोग्याजवळ राहावें, दुसऱ्यानें तीन तास जाऊन यावें, आणि दुसऱ्या खेपेस पाळी बदलावी. जो जाईल त्यानें संकोच न धरितां पोट धरून हंसावें. आणि दुसऱ्या सकाळीं रोग्याच्या उशाशीं बसून, नकलांसह, तें नाटक त्यास सांगावें. तिकीट एकाचें असलें तरी प्रयोग दोघांचा होतो.