क्लायंटने कंत्राट तोडलं, मग कामगारांच्या नोकरीचं काय?

कंपनीने हाउसकीपिंगचं कंत्राट एका मेलवर बंद केलं, की ठेकेदार कामगारांना सांगून मोकळा होतो, "उद्यापासून येऊ नका." पण क्लायंटचा करार ठेकेदाराशी असतो आणि कामगाराचा मालक ठेकेदारच. त्यामुळे कंत्राट गेलं म्हणून नोकरी आपोआप संपत नाही.

दुसऱ्या साइटवर काम देता आलं तर उत्तम. नाही तर ती कायद्याने कामगार कपात ठरते. वर्षभर सलग सेवा, म्हणजे १२ महिन्यांत २४० दिवस काम झालेल्या कामगाराला कारण सांगून एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय पूर्ण झालेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातली ही अट २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. महिना १८ हजार आणि नोकरी ४ वर्षं असेल, तर भरपाई साधारण ३६ हजार होते. नोटीस दिली नाही तर आणखी १८ हजार.

"क्लायंटने बिलच दिलं नाही" ही सबब इथे चालत नाही. उलट ठेकेदाराने झालेल्या कामाचा पगार थकवला, तर तो मूळ कंपनीला द्यावा लागतो. ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करू शकते.

नेमणूकपत्रात ठरावीक मुदत असेल आणि ती संपली असेल, तर मात्र ही कपात धरली जात नाही. म्हणून आधी पत्रातली तारीख पाहावी. आणि ठेकेदाराने हिशेबाच्या कागदांत राजीनामा पुढे केला, तर सही करण्यापूर्वी थांबावं. स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला कपातीची भरपाई मिळत नाही.