लांब लेन्सला भाता अपुरा? लाकडी जोडपेटी करून घ्या

मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याचा फोटो घ्यायचा म्हटले की अडचण येते ती अंतराची. शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर बांधलेला हा किल्ला किनाऱ्यापासून सुमारे अर्धा किलोमीटर आत आहे. ४ × ५ इंची फिल्मच्या कॅमेऱ्यावर १५० मि.मी.ची नेहमीची लेन्स लावली, तर ३० फूट उंचीचा तट फिल्मवर जेमतेम पावणेतीन मि.मी. उमटतो. ३६० मि.मी.च्या लेन्सने तोच तट साडेसहा मि.मी. होतो.

म्हणून फोटोग्राफर जुनी लांब लेन्स विकत घेतो. पण भाता शेवटपर्यंत ओढूनही मागच्या घासलेल्या काचेवर चित्र धूसरच! मग लेन्स खराब निघाली असे समजून तो ती पडेल भावात विकून टाकतो. खरे तर लेन्स चांगली असते, भाता तोकडा असतो.

हिशोब आधी, खर्च नंतर

दूरचे दृश्य स्पष्ट दिसण्यासाठी साध्या बनावटीच्या लेन्सपासून फिल्मपर्यंत लेन्सच्या फोकल लांबीइतके अंतर लागते. ३६० मि.मी.च्या लेन्सला ३६० मि.मी. हवेत. लहान घडीच्या अनेक कॅमेऱ्यांचा भाता ३०० मि.मी.च्या आसपासच संपतो. तूट ६० मि.मी.ची.

जवळच्या वस्तूला याहून अधिक लांबी लागते. वस्तूचे अंतर आणि फोकल लांबी यांचा गुणाकार करा व त्याला त्या दोहोंच्या वजाबाकीने भागा. ३६० च्या लेन्सने ३.६ मीटरवरच्या माणसाचा फोटो घ्यायचा, तर उत्तर येते ४०० मि.मी. म्हणजे १०० मि.मी. खोलीची पेटी केली की किल्लाही साधतो आणि माणूसही.

एक सावधगिरी मात्र हवी. 'टेलिफोटो' बनावटीच्या लेन्सला तिच्या फोकल लांबीपेक्षा बराच कमी भाता पुरतो. म्हणून काम सांगण्यापूर्वी ही सोपी परीक्षा करा. अंधाऱ्या खोलीत खिडकीसमोर लेन्स धरा, मागे पांढरा कागद ठेवा. दूरच्या माडांचे उलटे चित्र कागदावर स्वच्छ उमटले की लेन्सच्या फळीपासून कागदापर्यंतचे अंतर पट्टीने मोजा. तेवढीच लांबी खरी.

पेटी कशी असावी

फर्निचरचे बारीक काम करणाऱ्या सुताराला ही पेटी जड नाही. मागची फळी कॅमेऱ्याच्या मूळ लेन्सबोर्डच्या मापाची, तिच्यावर चौकोनी पेटी आणि पुढे लेन्स बसवण्याची फळी, एवढेच काम. लाकूड पूर्ण सुकलेले सागवान असावे. आमच्या दमट खाऱ्या हवेत ओले लाकूड पुढे वाकते. पुढच्या फळीचे छिद्र शटर मोजूनच पाडावे. कोपल १ नंबरच्या शटरला सुमारे ४२ मि.मी., तर ३ नंबरला ६५ मि.मी. छिद्र लागते. मागचे छिद्र शक्य तितके मोठे ठेवावे, नाहीतर चित्राचे कोपरे काळे पडतात.

दोन गोष्टींत तडजोड नको. पहिली, पुढची व मागची फळी समांतर हवी. चारही कोपऱ्यांत खोली मोजा. एका बाजूला एक मि.मी.चा फरकही चित्राची ती बाजू बिघडवू शकतो. दुसरी, आत पूर्ण काळोख हवा. सांधे खाचेत बसवा, आतून चकाकी नसलेला काळा रंग द्या, मग अंधारात आत बॅटरी पेटवून फट शोधा.

पेटी जोडल्यावर कॅमेऱ्याचे तोंड जड होऊन झुकते, म्हणून खालून आधार द्यावा. ताणलेला भाता वाऱ्याने हलतो. किल्ला मालवणहून पश्चिमेला असल्याने सकाळी ऊन त्याच्या समोरून पडते, आणि वाराही बहुधा शांत असतो. तीच वेळ उत्तम.

प्रकाशाचा हिशोब

भाता जितका लांब, तितका फिल्मवर प्रकाश कमी. प्रत्यक्ष लांबीला फोकल लांबीने भागा आणि उत्तराचा वर्ग करा. ४०० भागिले ३६०, त्याचा वर्ग सुमारे सव्वा, म्हणजे एक्स्पोजर सव्वापट द्यावे. दूरच्या किल्ल्यासाठी काहीच वाढवायला नको. हीच पेटी १५० च्या लेन्सला लावून जुन्या सनदा, दस्तऐवज किंवा फोटो यांच्या मूळ आकारातील नकला घेता येतात. तिथे ३०० मि.मी. लांबी लागते आणि एक्स्पोजर चौपट.

धंद्याच्या दृष्टीने

मोठ्या फिल्मचे कॅमेरे आज हौशी व कलावंत मंडळींच्या हाती उरले आहेत. तेव्हा पेट्यांचा साठा करून ठेवू नये. मागणी आल्यावर गिऱ्हाइकाचा कॅमेरा व लेन्स समोर ठेवूनच काम घ्यावे आणि मजुरी आधी ठरवावी. हे काम परके मानण्याचे कारण नाही. केरळात अलप्पुळा येथे वाद्यांच्या कामातले के. करुणाकरन एका कॅमेऱ्याचा भाता दुरुस्त करता करता 'वागीश्वरी' हा संपूर्ण लाकडी कॅमेरा बनवू लागले. पेटीचा भाता ज्याला जमतो, त्याला कॅमेऱ्याचाही जमतो.

फोटोग्राफर बंधूंनी एवढेच करावे: लेन्स विकण्याआधी किंवा नवा कॅमेरा घेण्याआधी पट्टी घेऊन भाता मोजावा आणि मग चांगल्या सुताराकडे जावे.