जुन्या मोटारगाडीतील एबीएस भागांची दुरुस्ती

एबीएस हे ॲक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाईन आणि स्टायरीन यांपासून बनणारे, उष्णतेने मऊ होणारे प्लॅस्टिक आहे. जुन्या मोटारगाड्यांच्या डॅशबोर्डची झाकणे, पुढील जाळ्या इत्यादी भागांसाठी ते वापरले गेले. अशा भागांचे उत्पादन बंद झाले असल्यास मूळ भागाची दुरुस्ती करणे आवश्यक ठरते.

ऱ्हासाचे कारण

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे एबीएसमधील ब्युटाडाईन या रबरी घटकाचे ऑक्सिडीकरण होते. परिणामी भाग पिवळा पडतो, ठिसूळ होतो व तडकतो.

प्लॅस्टिकची ओळख

भागाच्या मागील बाजूस प्लॅस्टिकचे नाव कोरलेले असू शकते. जुन्या भागांवर ते पुष्कळदा नसते. एबीएसचा तुकडा पाण्यात बुडतो, तर शुद्ध पॉलिप्रॉपिलीनचा तरंगतो. न दिसणाऱ्या जागी ॲसिटोनचा थेंब टाकल्यास एबीएस चिकट होते. पॉलिप्रॉपिलीनवर परिणाम होत नाही. पॉलिस्टायरीनही ॲसिटोनमध्ये मऊ होते, त्यामुळे केवळ या चाचणीवर विसंबता येत नाही.

पद्धत

तडा पुढे वाढू नये म्हणून त्याच्या टोकाशी बारीक छिद्र पाडतात. एबीएसचा कीस ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेला लगदा मागील बाजूने भरतात. ॲसिटोन उडून गेल्यावर दोन्ही कडा एकजीव होतात. लगदा सुकताना आकसतो, म्हणून तो पातळ थरांत लावतात. पूर्ण सुकल्यावर पृष्ठभाग घासून रंगवतात.

मर्यादा

पॉलिप्रॉपिलीनला ही पद्धत लागू पडत नाही. ते त्याच प्लॅस्टिकच्या कांडीने उष्णता देऊन सांधतात. घासल्याने मूळ पृष्ठभागाची नक्षी नष्ट होते. ॲसिटोन अतिज्वालाग्राही असल्याने हे काम ज्योतीपासून दूर, हवेशीर जागी करावे लागते.