केदारकंठ्याची सॅक: आधी पाठ मोजा

उत्तराखंडमधला केदारकंठा (सुमारे १२,५०० फूट) ऐन हिवाळ्यात बर्फाखाली असतो. सह्याद्रीत एका मुक्कामाला ३० लिटरची सॅक पुरते. इथे डाऊन जॅकेट, थर्मल आणि लोकरी मोजे यांनीच ती भरून जाते. तंबू आणि स्लीपिंग बॅग आयोजक देणार असतील तर ५० ते ६० लिटर, सगळं स्वतः वाहणार असाल तर ७०च्या आसपास.

पण लिटरपेक्षा माप महत्त्वाचं. मान पुढे झुकवली की मागे हाताला लागणारा मणका आणि कमरेच्या हाडाची वरची कड, यांतलं अंतर म्हणजे तुमच्या पाठीची लांबी. उंचीवरून अंदाज बांधू नका. सारख्या उंचीच्या दोघांची पाठ वेगळी निघते. दुकानात सॅकमध्ये १०-१२ किलो वजन भरायला लावा. आधी कमरेचा पट्टा हाडावर आवळा, मग खांद्याचे. बराचसा भार कमरेवर आलाच पाहिजे. हे सगळं जाड जॅकेट घालून करा, म्हणजे पट्टे पुरतात का ते कळेल. हातमोजेही सोबत न्या: ते न काढता बक्कल उघडतं का, हे बघाच. शून्याखालच्या थंडीत उघडी बोटं बघता बघता बधिर होतात.

नळीवाली पाण्याची पिशवी घरीच ठेवा; नळीतलं पाणी सर्वांत आधी गोठतं. रुंद तोंडाची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवावी. पाणी वरून गोठत येतं, त्यामुळे तोंड मोकळं राहतं. रेनकव्हर असलं तरी कपडे जाड प्लास्टिकच्या पिशवीतच भरा, कारण पाठीला चिकटलेला बर्फ वितळून त्या बाजूने आत झिरपतो.